परक्या चढणीवरचे गद्य

प्रवासवर्णन आणि आत्मचरित्र ह्या दोन वाङ्मयप्रकारांच्या सीमेवर अलीकडे एक तिसराच प्रकार उगवला आहे. स्वदेश सोडून परमुलखात राहणारा मनुष्य तेथील रस्त्यांवर, विशेषेकरून तेथील चढणींवर, धावू लागतो आणि पुढे त्या धावण्याची हकीकत पुस्तकरूपाने लिहितो. अशा पुस्तकांकडे वाङ्मयविचारकाने का पाहावे, असा प्रश्न काही वाचक करतील. व्यायाम ही वैद्याच्या कक्षेतील गोष्ट आणि शर्यत ही वर्तमानपत्राच्या क्रीडापृष्ठावरील. मग साहित्याचा संबंध येतो कोठे? आमचे उत्तर असे की, ज्या अनुभवात मनुष्य आपल्या देहाच्या अखेरच्या मर्यादेपर्यंत जातो, आणि तोही जेथे त्याला कोणी ओळखत नाही अशा भूमीवर, तो अनुभव शब्दांत कसा उतरतो हे पाहणे टीकेचेच काम आहे. प्रस्तुत लेखात अशा तीन पुस्तकांचा परामर्श घेण्याचा आमचा विचार आहे. हारुकी मुराकामी ह्यांचे 'व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग', आधारानंद फिन ह्यांचे 'रनिंग विथ द केनियन्स' आणि मायकेल क्रॉली ह्यांचे 'आउट ऑफ थिन एअर' ही ती तीन पुस्तके होत.

परामर्शास आरंभ करण्यापूर्वी कसोटी कोणती लावावयाची हे ठरविले पाहिजे. आमच्या साहित्यशास्त्राने वीररसाचा स्थायिभाव उत्साह हा मानला, आणि विश्वनाथाने साहित्यदर्पणात वीराचे दान, धर्म, युद्ध व दया असे चार भेद केले. चढणीवर धावणारा मनुष्य ह्या चारांपैकी कोणत्याच कोटीत नीटसा बसत नाही. त्याच्यासमोर शत्रू नाही, याचक नाही, आर्त नाही आणि त्याला धर्माची आज्ञाही नाही. तथापि त्याच्या ठिकाणी उत्साह आहे, ही गोष्ट निर्विवाद आहे. मग ह्या उत्साहाचे आलंबन कोणते? ते चढण म्हणावे, तर चढण आपल्या खऱ्या स्वरूपाने वर्णनात उतरली पाहिजे. ते धावणारा स्वतःच म्हणावे, तर उत्साहाची आत्मश्लाघा होण्यास वेळ लागत नाही. तिसरी शक्यता ही की, ती चढण ज्यांच्या मुलखातील आहे आणि जे तीवर रोज राबतात, ती माणसे आलंबन व्हावीत. ह्या तिहींपैकी लेखकाने कोणते आलंबन पत्करले, ह्यावर त्याच्या पुस्तकाची योग्यता अवलंबून राहते असे आम्हांस वाटते.

चढण जशी आहे तशी शब्दांत उतरविणे किती दुर्घट असते, ह्याचे एक नामांकित उदाहरण अमेरिकेत आहे. बॉस्टनची मॅरेथॉन शर्यत १८९७ साली सुरू झाली. तिचा मार्ग हॉपकिंटन गावापासून निघून एकंदरीने पाहता उतरत उतरत शहरात येतो. वाटेत न्यूटन येथे चार टेकाडे लागतात आणि त्यांतील शेवटच्यास 'हार्टब्रेक हिल', म्हणजे काळीज विदीर्ण करणारी टेकडी, असे भीषण नाव आहे. ही टेकडी उंचीने केवढी म्हणाल, तर सुमारे ६०० मीटरांच्या अंतरात ती जेमतेम २७ मीटर वर जाते. सह्याद्रीच्या घाटवाटेने गुरे नेणारा पोर तिला टेकडी म्हणण्यासही काकू करील. तिचे सामर्थ्य उंचीत नाही, ते तिच्या स्थानात आहे. सुमारे ३२ किलोमीटर धावून देहातील शक्तीचा साठा सरत आला, म्हणजे ती समोर उभी राहते.

आणि तिची कीर्ती तर स्थानापेक्षाही तिच्या नावात आहे. १९३६ साली जॉनी केली ह्या धावपटूने पिछाडी भरून काढीत ह्या टेकडीवर एलिसन ब्राउन ह्यास गाठले आणि जाता जाता त्याच्या खांद्यावर हलकेच थाप दिली. ती थाप ब्राउनला झोंबली. त्याने वेग वाढविला, केलीला मागे टाकले आणि शर्यत जिंकली. केली पाचवा आला. 'बॉस्टन ग्लोब' पत्राच्या जेरी नेसन ह्या बातमीदाराने ह्या प्रसंगावरून टेकडीला ते नाव दिले. येथे विचार करण्याजोगी गोष्ट ही की, जो त्या चढावर जिंकला त्याच्या पराक्रमाची नव्हे, तर जो हरला त्याच्या दुःखाची आठवण नावात राहिली. ब्राउन हा नॅरागॅन्सेट ह्या त्या भागातील मूळ रहिवासी जमातीचा. केली हा आदल्याच वर्षीचा विजेता आणि बॉस्टनकरांचा आवडता. टेकडीच्या पायथ्याच्या बाजूस १९९३ साली पुतळा उभा राहिला तोही केलीचाच. वयाच्या ८४व्या वर्षी, १९९२ साली, ज्याने ही शर्यत शेवटपर्यंत पुरी केली, त्या केलीचा मोठेपणा आम्हांस मुळीच अमान्य नाही. परंतु नाव देणाऱ्याची दृष्टी कोणाच्या काळजाकडे लागली होती, हे विचारण्याचा टीकाकारास अधिकार आहे. चढणीविषयी लिहिणाऱ्या प्रत्येक लेखकास हाच प्रश्न विचारावा लागतो.

आता मुराकामींकडे वळू. तोक्योत जाझ संगीताचे मद्यगृह चालविता चालविता हे गृहस्थ कादंबरीकार झाले, आणि बैठ्या लेखनाने देह शिथिल होऊ लागला तेव्हा १९८२ साली, वयाच्या ३३व्या वर्षी, धावू लागले. त्यांचे पुस्तक जपानीत २००७ साली व फिलिप गॅब्रिएल ह्यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराच्या रूपाने २००८ साली प्रसिद्ध झाले. २००५ व २००६ ह्या दोन वर्षांत हवाई, तोक्यो आणि हार्वर्ड विद्यापीठाचे केंब्रिज अशा ठिकाणी त्याची प्रकरणे लिहिली गेली. घडण रोजनिशीवजा आहे आणि भाषा कोरडी. हा कोरडेपणा दोष नव्हे, तो ह्या पुस्तकाचा मुख्य गुण आहे. १९८३ साली ते अथेन्सपासून मॅरेथॉन गावापर्यंत भर जुलैच्या उन्हात एकटे धावले. तो सारा वेळ त्यांच्या मनात थंडगार बिअरचे चित्र तरळत होते. पण धाव संपून ती हाती आली तेव्हा कल्पनेतल्याइतकी रुचकर लागली नाही, असे ते सरळ सांगून टाकतात. सामान्य लेखकाने तेथे कृतार्थतेचा एक परिच्छेद घातला असता. मुराकामींनी तो घातला नाही, म्हणूनच त्यांच्या पुढील शब्दांवर वाचकाचा विश्वास बसतो.

पुस्तकातील सर्वांत हृद्य स्थळ आमच्या मते चार्ल्स नदीच्या काठचे आहे. पन्नाशी ओलांडलेले मुराकामी आपल्या गतीने धावत आहेत आणि हार्वर्डमधील नवागत तरुणी, वेण्या झुलवीत, त्यांस सहज मागे टाकून पुढे जात आहेत. मागे पडण्याची सवय ह्या मुलींना नाही आणि आपल्याला ती पुष्कळ आहे, हे त्यांना दिसते. आणि त्या दिसण्यात मत्सर नाही, खंतही नाही. वार्धक्याच्या उंबरठ्यावरील मनुष्याने तारुण्याला वाट करून द्यावी ती कशी, ह्याचा हा नमुना होय. बॉस्टनच्या टेकडीवरचे त्यांचे भाष्य ह्या पुस्तकात नव्हे, तर १५ एप्रिल २०१३ रोजी त्या शर्यतीच्या समाप्तिरेषेपाशी स्फोट झाले त्यानंतर 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकासाठी त्यांनी लिहिलेल्या लेखात सापडते. टेकडीचा बोलबाला फार असला तरी खऱ्या यातना ती चढून उतरल्यावर, शहरातील सपाट रस्त्यावर सुरू होतात, असा त्यांचा अनुभव आहे. संकटाचा कळस गाठणे त्या मानाने सोपे, कारण तेथे सर्वांचे लक्ष असते. त्यानंतरचे सपाट अंतर कापणे कठीण. शहरावर आघात झाल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत लिहिताना हे निरीक्षण करणारा लेखक केवळ धावण्याविषयी बोलत नव्हता, हे सुज्ञांस सांगणे नको.

तथापि आमची कसोटी लावली असता मुराकामींच्या पुस्तकाची एक मर्यादा दृष्टीस पडते. त्यांच्या पानांत परदेश आहे, पण परदेशस्थ माणसे फारशी नाहीत. नदी आहे, ऋतू आहे, ढग आहेत. माणसे दिसतात ती बहुधा पाठमोरी. परक्या देशात कोणी ओळखत नाही ही गोष्ट त्यांना उणीव वाटत नाही, ती सोय वाटते. त्यांच्या उत्साहाचे आलंबन ते स्वतःच आहेत. त्यांच्या वृत्तीतील संयमामुळे आत्मश्लाघेचा दोष टळला हे खरे, आणि जे आपल्याला ठाऊक नाही त्याविषयी बोलावयाचे नाही हा त्यांचा प्रामाणिकपणाही वाखाणण्यासारखा आहे. परंतु एवढ्याने ती चढण कोणाच्या मुलखातील, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

फिन ह्यांना हा प्रश्न पडतो, परंतु त्याचे रूप वेगळे आहे. नाव भारतीय वळणाचे असले तरी हे इंग्रज वृत्तपत्रलेखक. बायको व तीन मुले ह्यांसह ते काही महिने केनियातील इटेन गावी जाऊन राहिले आणि त्या वास्तव्यावर त्यांनी २०१२ साली हे पुस्तक प्रसिद्ध केले. इटेन हे रिफ्ट खोऱ्याच्या कड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर वसलेले लहानसे गाव. ह्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे तीन चतुर्थांशच उरतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू पावपट कमी. सपाटीवर राहणारा मनुष्य तेथे जिना चढतानाही थांबतो. गावाखालचे केरिओ खोरे तर धावणाऱ्यांच्या जगात प्रसिद्धच आहे, कारण त्याच्या तळातून कड्याच्या माथ्याकडे फ्लोरस्पार नावाने ओळखला जाणारा एक रस्ता येतो. सुमारे २१ किलोमीटर सलग चढ, आणि एकंदर उंची हजार मीटरांहून अधिक. खाली फ्लोरस्पार ह्या खनिजाची खाण, म्हणून रस्त्यालाही तेच नाव. ह्या नावात कोणाचे काळीज फुटत नाही. ते खाणकामगाराने ठेवावे तसे साधे नाव आहे. आणि बॉस्टनची टेकडी त्या रस्त्याच्या एका वळणात मावून जाईल.

अशा मुलखात फिन जातात ते एक रहस्य शोधण्यासाठी. केनियाचे लोक जगात सर्वांत वेगाने का धावतात? उंचीमुळे की मक्याच्या उगालीमुळे, अनवाणी बालपणामुळे की शिबिरातील शिस्तीमुळे? शोधाचा हा धागा पुस्तकाला गती देतो आणि वाचक पाने उलटीत राहतो. तिन्ही पुस्तकांत सर्वांत सुवाच्य हेच, हे मान्य केले पाहिजे. स्वतःची फजिती सांगण्याची फिन ह्यांची खिलाडू वृत्तीही प्रसन्न आहे. परंतु रहस्याचा सांगाडा ह्या अनुभवाला मानवत नाही. शेवटी एकच एक असे रहस्य नाही, कष्ट व परिस्थिती ह्यांच्या अनेक पदरांतून हे यश विणले गेले आहे, असा निष्कर्ष ते काढतात. हा निष्कर्ष योग्य असला, तरी तो येईपर्यंत प्रत्येक केनियन माणूस लेखकाच्या दृष्टीने एक पुरावा होऊन बसलेला असतो. पुराव्याला स्वतःचे आयुष्य नसते. ज्या प्रकरणांत फिन आपला शोध विसरतात, गावातल्या धावपटूंचा लहानसा चमू जमवून लेवा येथील अभयारण्यातल्या शर्यतीची तयारी करतात, त्या प्रकरणांत मात्र माणसे बोलू लागतात आणि पुस्तक उजळते. इटेनच्याच शाळेत १९७६ साली शिक्षक म्हणून आलेले आयरिश धर्मबंधू कॉम ओ'कॉनेल तेथेच राहिले आणि त्यांच्या हाताखाली जगज्जेते धावपटू तयार झाले. परदेशी मनुष्याने चढण समजून घेण्यास किती अवधी द्यावा, ह्याचे मोजमाप त्या एका उदाहरणात आहे. काही महिन्यांत रहस्य हाती लागेल ही अपेक्षाच मुळी प्रवाशाची आहे, रहिवाशाची नव्हे.

क्रॉली हे व्यवसायाने मानववंशशास्त्रज्ञ आणि स्वतः मॅरेथॉनचे कसलेले धावपटू. इथिओपियाच्या अदिस अबाबा शहरात ते पंधरा महिने राहिले, अम्हारिक भाषा शिकले आणि तेथील व्यावसायिक धावपटूंच्या चमूबरोबर रोज धावले. त्यांचे पुस्तक २०२० साली निघाले. अदिस अबाबा २,३०० मीटरांहून अधिक उंचीवर, आणि त्याच्या उत्तरेचा एन्तोतो डोंगर ३,००० मीटरांच्याही वर. त्या डोंगरावर निलगिरीचे दाट वन आहे. ही झाडे मूळची ऑस्ट्रेलियातील. सम्राट मेनेलिकच्या काळात ती तेथे लावली गेली आणि आता त्या डोंगराचीच होऊन बसली आहेत. ह्या वनातून इथिओपियन धावपटू एकामागून एक अशा रांगेने, झाडांमधून नागमोडी वळणे घेत, पुढच्याच्या पावलांवर दृष्टी ठेवून चढतात. पहाटेच्या पुष्कळ आधी, शहर झोपेत असताना, रस्त्यावरील चढ पुन्हा पुन्हा चढून उतरण्याचा त्यांचा परिपाठही क्रॉली वर्णन करतात.

ह्या पुस्तकाचा प्राण त्या रांगेत आहे. एकट्याने धावणे ही गोष्ट त्या समाजात काहीशी आपमतलबी, एकट्याने जेवण्यासारखी, मानली जाते. प्रकृतीपुरते धावावयाचे तर एकट्याने धावावे. आपल्यात पालट घडवावयाचा तर दुसऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळविले पाहिजे, असा त्या लोकांचा समज आहे. शक्ती ही व्यक्तीच्या देहात साठविलेली खाजगी मालमत्ता नसून ती समूहात फिरत असते. म्हणून पुढे राहून वारा अंगावर घेण्याचे काम पाळीपाळीने करावयाचे. आमच्या वाचकांस ही कल्पना अगदीच अपरिचित वाटणार नाही. आषाढी वारीत दिवे घाट चढणारा वृद्ध वारकरी स्वतःच्या पायांच्या बळावर चढत नाही, दिंडीच्या बळावर चढतो, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस क्रॉली काय सांगत आहेत ते चटकन उमजेल. आफ्रिकी धावपटू जन्मतःच वेगवान, किंवा केवळ दारिद्र्याने पळविलेले, ह्या दोन्ही पाश्चात्त्य समजुतींचा क्रॉली नेटाने प्रतिवाद करतात. त्या समजुतींत त्या माणसांचे कष्ट, विचार आणि कौशल्य ह्यांना जागाच उरत नाही, हा त्यांचा आक्षेप आम्हांस पूर्ण सयुक्तिक वाटतो.

शैलीच्या दृष्टीने हे पुस्तक मुराकामींच्या तोडीचे नाही, हे सांगणे प्राप्त आहे. शास्त्रज्ञाची सावधगिरी वाक्यांना मधूनमधून जखडते, आणि एवढ्या सोबत्यांची नावे येतात की वाचकाचा त्यांच्यात गोंधळ उडतो. परंतु ह्या पुस्तकात एक असे सत्य हाती लागते, जे इतर दोहोंत नाही. क्रॉली ज्यांच्याबरोबर धावतात त्या तरुणांचे सारे लक्ष परदेशाकडे लागलेले आहे. परदेशातील एखाद्या शर्यतीचे आमंत्रण यावे, दलालाने निवड करावी, प्रवेशपत्र मिळावे आणि बक्षिसाच्या रकमेने घराचे भाग्य पालटावे, ह्या आशेवर ते दिवस काढतात. युरोपातल्या वा चीनमधल्या ज्या शहरी रस्त्यांवर त्यांना धावावयाचे असते, ते वेगासाठी मुद्दाम निवडलेले, बहुधा सपाट. म्हणजे युरोपियन मनुष्य परदेशी जातो तो चढण शोधीत, आणि चढणीवरचा मनुष्य परदेशी जाऊ इच्छितो तो सपाटी शोधीत. एकाची परदेशची धाव महिनोन्महिने चालते आणि हरला तरी त्याचे पुस्तक होते. दुसऱ्याची दोन-तीन तासांत संपते आणि हरला तर घरी पैसा पोचत नाही. परक्या चढणीवरील वाङ्मयाचा सगळा नैतिक प्रश्न ह्या एका विषमतेत साठवला आहे. परतीचे तिकीट खिशात असलेल्या पाहुण्याची दमछाक आणि ज्याला परतावयास दुसरे ठिकाण नाही त्याची दमछाक, ह्या दोन्ही छातीला सारख्याच जाचत असतील, पण त्यांचा अर्थ एक नाही. क्रॉली हा भेद झाकीत नाहीत, म्हणून त्यांनी 'आम्ही' म्हटले तर ते खपते. हा भेद विसरून 'आम्ही' म्हणणारा लेखक वाचकाची आणि आपल्या सोबत्यांचीही फसवणूक करतो.

ह्या तीन पुस्तकांपासून आमच्या प्रवासवाङ्मयाने घ्यावे असे काही आहे काय? मराठी प्रवासवर्णनाचा एक आद्य आणि अद्यापि अम्लान नमुना म्हणजे गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. १८५७च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात सापडलेल्या ह्या भिक्षुकाचे निवेदन, चिंतामणराव वैद्यांच्या संपादनाखाली १९०७ साली छापले गेले, ते आजही जिवंत वाटते, ह्याचे एक कारण असे की त्यात चालणाऱ्याचे पाय आहेत. पुढे आगबोट आली, आगगाडी आली, विमान आले आणि आमचा प्रवासी बहुधा खिडकीपाशी बसून लिहू लागला. त्याची दृष्टी तीक्ष्ण झाली, विनोद खुलला, तुलना मार्मिक झाल्या. परंतु परभूमीचा चढ पोटऱ्यांना जाणवावा लागतो, तो डोळ्यांना कळत नाही. आज मराठी घरांतील मुले-मुली विद्येसाठी व नोकरीसाठी दूरदूरच्या देशांत राहतात, आणि त्यांतील कित्येक तेथील रस्त्यांवर धावतातही. त्यांपैकी कोणी लेखणी उचलली तर त्याच्यासमोर तीन वाटा आहेत. मुराकामींचा प्रामाणिक एकांत, फिन ह्यांचे कुतूहल आणि क्रॉली ह्यांची सोबत.

आमचा कौल विचाराल तर तो असा. गद्य शिकावे ते मुराकामींपासून, कारण दमलेल्या मनुष्याने अलंकार उतरवून ठेवावेत हे त्यांना जितके कळले तितके इतर दोघांस कळलेले नाही. वाचकाला बरोबर घेऊन जाण्याची हातोटी फिन ह्यांच्यापासून घ्यावी. परंतु परमुलखात कसे वागावे आणि तेथून परतल्यावर काय लिहावे, हे क्रॉली ह्यांच्यापासून शिकावे. चढणीने मनुष्याला नम्र केले असे म्हणण्याची लेखकांत रूढी आहे. पण चढण दगडामातीची आहे, ती कोणाला नम्र करीत नाही. आपल्यापुढे धावणाऱ्या माणसाचे नाव विचारावे, त्याची भाषा शिकावी आणि आपली पाळी येताच पुढे होऊन वारा अंगावर घ्यावा, ह्यातच ती नम्रता असते. ज्या पुस्तकात ती आहे, त्यातील धाव माथ्यापर्यंत पोचली की नाही, ह्याची चौकशी वाचक करीत बसणार नाही.